पोटनिवडणुकीला ‘लिटमस टेस्ट’ म्हणण्याआधी

कसबा पेठ आणि चिंचवडच्या पोटनिवडणुका फेब्रुवारी २०२३ मध्ये झाल्या, पण संशोधनाच्या प्रपोजलमध्ये त्या अजून ताज्याच आहेत. ‘कसब्याच्या निकालाने शहरी मतदाराचा बदलता कल स्पष्ट केला’ अशा धाटणीचं वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलं असेल, कदाचित स्वतःच्या आराखड्यात लिहिलंही असेल. या वाचनावर माझा आक्षेप आहे. त्यासाठी रिग्रेशन वगैरे काही लागत नाही, साधी बेरीज-वजाबाकी पुरते.

आधी कसबा बघा. २०१९ ला भाजपच्या मुक्ता टिळकांना साधारण ७५ हजार मतं होती, काँग्रेसला ४७ हजार. टिळकांच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर ७३ हजारांवर गेले, भाजपचे हेमंत रासने ६२ हजारांवर राहिले. गिरीश बापट १९९५ पासून जिंकत आलेला बालेकिल्ला पडला म्हटल्यावर मथळे मोठे येणारच. पण पुढचा आकडा फार कमी जण शेजारी मांडतात. नोव्हेंबर २०२४ ला हेच दोघं पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा धंगेकरांना ७० हजारांच्या वर मतं पडली आणि रासनेंना ९०. म्हणजे हरलेल्याची मतं जवळपास तेवढीच राहिली, आणि जिंकलेल्याची २८ हजारांनी वाढली. मग २०२३ ला ‘कल’ बदलला होता, की भाजपचा बराच मतदार घरी बसला होता? मतदान त्या वेळी साधारण निम्म्यावर होतं, २०२४ ला त्याहून बरंच वाढलं. मला दुसरी शक्यता जास्त पटते. सिद्ध मात्र ती या आकड्यांवरून होत नाही, कारण एकूण मतं तेवढीच राहिली म्हणजे माणसं तीच होती असं नाही. व्हायवाला नेमका हाच प्रश्न येतो, तेव्हा तयारीत राहा. शिवाय धंगेकर याच मतदारसंघात आधी मनसेकडून लढलेले. त्यांची स्वतःची मतं किती आणि पक्षाची किती, हे वेगळं काढल्याशिवाय ‘काँग्रेसकडे झुकाव’ म्हणायचं कशाच्या जोरावर?

दुसरा मोह म्हणजे कसबा-चिंचवड तुलना. एकाच दिवशी मतदान, दोन्हीकडे आमदाराचं निधन. चिंचवडला लक्ष्मण जगतापांच्या पत्नी अश्विनी जगतापांना उमेदवारी मिळाली आणि त्या जिंकल्या. कसब्यात टिळक कुटुंबाला उमेदवारी मिळाली नाही आणि जागा गेली. झालं, ‘सहानुभूती’ सिद्ध! आयता नैसर्गिक प्रयोगच हाती आला, असं वाटतं. पण चिंचवडला लढत तिरंगी होती. राष्ट्रवादीचे नाना काटे आणि बंडखोर राहुल कलाटे यांची मतं एकत्र केली तर ती जगतापांपेक्षा जास्त भरतात. कसब्यात लढत जवळजवळ सरळ होती. दोन केसेसमध्ये दोन गोष्टी एकाच वेळी बदलत असतील, तर श्रेय एकीलाच देता येत नाही.

इथपर्यंतची टीका तुमचे गाईडही करतील. मला जास्त खटकतं ते वेगळंच: आपण फक्त झालेल्या पोटनिवडणुका मोजतो.

कसब्याचा निकाल लागला २ मार्च २०२३ ला. चारच आठवड्यांनी, २९ मार्चला, पुण्याचे खासदार गिरीश बापट गेले. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम १५१अ सांगतं की जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची. अपवाद दोनच: मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल, किंवा निवडणूक घेणं अवघड असल्याचं आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केलं असेल. लोकसभेची मुदत जून २०२४ पर्यंत होती, म्हणजे वर्षापेक्षा जास्त. तरी निवडणूक झाली नाही. आयोगाचं म्हणणं होतं की यंत्रणा पुढच्या निवडणुकांच्या तयारीत आहे आणि निवडून येणाऱ्याला काळही थोडाच मिळेल. मुंबई उच्च न्यायालयाला हे पटलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी तातडीने निवडणूक घेण्याचा आदेश दिला. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. सुमारे २० लाख मतदारांचं शहर चौदा महिने खासदाराविना राहिलं, आणि कसबा त्याच लोकसभा मतदारसंघात येतं, हे विसरू नका.

कोणती पोटनिवडणूक होते आणि कोणती टळते, हे जर नाणं उडवून ठरत नसेल, तर झालेल्यांच्या नमुन्यावरून काढलेल्या निष्कर्षाचं काय करायचं? टाळण्यामागे राजकारण होतं असं मी म्हणत नाही, तो वेगळा दावा आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागेल. पण होतं की नव्हतं हे तपासायला तरी ती केस तुमच्या तक्त्यात हवी ना!

म्हणून तक्ता निवडणुकांचा नको, रिकाम्या जागांचा करा. जागा कधी रिकामी झाली, का झाली, मुदत किती उरली होती, निवडणूक कधी झाली, झाली नसेल तर आयोगाने दिलेलं कारण, एवढे रकाने पुरेत. अंधेरी पूर्व २०२२ ही ओळ वेगळी खूण करून ठेवा: भाजपने उमेदवार मागे घेतला आणि ऋतुजा लटकेंच्या खालोखाल १२,८०६ मतं ‘नोटा’ला पडली. ‘विजयी उमेदवाराची टक्केवारी’ हा रकाना तिथे काहीच सांगत नाही. आणि पुण्याच्या ओळीखाली चंद्रपूर लिहा. तिथले खासदार बाळू धानोरकर ३० मे २०२३ ला गेले, मुदत वर्षाहून जेमतेम काही दिवस जास्त उरली होती, आणि तिथेही पोटनिवडणूक झाली नाही.