‘डेथ मॅग्नेटिक’चा गोंगाट आणि मास्टरिंगवर आलेला आळ

मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ सप्टेंबर २००८ मध्ये आला. गाणी दमदार आहेत, पण सीडी हेडफोन लावून सलग ऐकून बघा, कान शिणतात. ‘द डे दॅट नेव्हर कम्स’ हळुवार सुरू होतं आणि पुढे भडकतं. पण भडकायला वर जागाच उरलेली नाही. वेव्हफॉर्म उघडलात तर शिखरं छाटलेला सपाट पट्टा दिसेल. हे क्लिपिंग. ‘थ्रॅश कर्कशच हवं’ हा बचाव मला पटत नाही. कर्कशपणा जाणवायलाही शेजारी थोडी शांतता लागते.

तेव्हा सगळ्यांनी बोट दाखवलं ते मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सनकडे. मास्टरिंग म्हणजे मिक्सनंतरचा शेवटचा हात. गिटार किती, गळा किती हे मिक्समध्ये ठरून गेलेलं असतं; मास्टरिंगवाल्याकडे सहसा एकच स्टीरिओ फाइल येते. तो तिचा पोत सावरतो, गाण्यांची पातळी एकमेकांशी जुळवतो आणि लिमिटर लावून एकूण आवाज वर नेतो. या शेवटच्या कामातली चढाओढ नव्वदच्या दशकात बरीच वाढली होती, त्यामुळे संशय येणं साहजिकच.

चाहत्यांकडे पुरावाही होता. हीच गाणी ‘गिटार हिरो ३’ या व्हिडिओ गेममध्ये आली होती आणि तिथे ती मोकळी, श्वास घेणारी वाटत होती. झालं, मास्टरिंग दोषी!

इथे जरा थांबा, कारण तुमच्या प्रबंधात हीच चूक होऊ शकते. या गेममध्ये खेळणारा चुकला की गिटारचा आवाज गळावा लागतो, म्हणून गेमला वाद्यांचे ट्रॅक वेगळे द्यावे लागतात. म्हणजे गेमच्या आवृत्तीत अल्बमचं मास्टरिंग नाही, तसं अल्बमचं अंतिम मिक्सही नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्यात. या तुलनेतून मूळ वादन ठीक होतं एवढंच कळतं. दोष मिक्सचा की मास्टरचा, ते नाही. पुढे जेन्सननी स्वतःच कळवलं की आपल्याकडे आलेले मिक्सच आधी दाबून भिंतीसारखे केलेले होते. म्हणजे निर्णय त्यांच्या टेबलावर येण्याआधीच झाला होता, आणि तो मान्य करणाऱ्यांत बँड आणि निर्माता रिक रुबिन होते. अर्थात नाव घेऊन झोडपायला शेवटचा माणूस सोपा पडतो.

तेव्हा ‘पूर्वीपेक्षा संगीत कर्कश झालं’ असं काही मोजणार असाल, तर कोणती आवृत्ती मोजली ते आधी लिहा: सीडी, एलपी, की रिमास्टर. हस्तलिखितांवर काम करणारे प्रत नोंदवतात, तसंच हे. आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांबाबत तर हे फारच गरजेचं आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या काळातल्या सगळ्या तबकड्या काही नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत. सीडीसाठी उतरवून घेणाऱ्यानं जो वेग धरला, त्यावर तुम्हाला ऐकू येणारा षड्ज ठरतो. गायकाची पट्टी मोजताना तुम्ही त्याचा अंदाजही मोजत असता.