साक्षीचा पिंजरा आणि दूरचित्रवाणीचा पडदा

आपल्या धर्मग्रामातील घराघरांत सायंप्रार्थनेनंतर दूरचित्रवाणी लागते आणि अनेकदा पडद्यावर न्यायालय भरलेले असते. २०१० साली सोनी वाहिनीवर सुरू झालेली ‘अदालत’ ही मालिका २०१५ पर्यंत चालली, पुढे तिचे दुसरे पर्वही आले. रोनित रॉय यांनी साकारलेला के. डी. पाठक हा वकील मुलांच्या तोंडी बसला. मालिका संपली, पण तिने मनावर उमटवलेले न्यायालयाचे चित्र अद्याप पुसलेले नाही, म्हणूनच तिच्याविषयी आजही लिहिणे अप्रस्तुत ठरू नये.

किरकोळ चुका प्रथम सांगून टाकतो. आपल्या न्यायालयांत न्यायाधीश लाकडी हातोडा आपटत नाहीत. साक्षीदारापुढे गीता किंवा बायबल धरले जात नाही. १९६९ च्या शपथ कायद्यानुसार ईश्वराला स्मरून शपथ घ्यावी किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी, एवढेच. (प्रभूने डोंगरावरील प्रवचनात शपथच वाहू नका असे शिकवले, हे आठवले की हा दुसरा पर्याय मला अधिक जवळचा वाटतो.) असल्या चुका नाटकाला क्षम्य आहेत.

क्षम्य नाही ती गोष्ट वेगळी आहे. या मालिकेतील वकील केवळ आपल्या अशिलाला सोडवत नाही, तो भर न्यायालयात खरा गुन्हेगार शोधून काढतो आणि तो गुन्हेगार पिंजऱ्यात उभा राहून सारे कबूल करतो. कायदा बचावाच्या वकिलाकडून हे मागतच नाही. गुन्हा सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो, वाजवी शंका उरली की आरोपी सुटतो, मग खरा गुन्हेगार सापडो वा न सापडो. मात्र वर्षानुवर्षे ‘अदालत’ पाहिलेल्या प्रेक्षकाला असे सुटणे अपुरे वाटते. दुसरा कोणी पकडला गेला नाही, त्याअर्थी हाच असणार, असे गाव ठरवून टाकते. निर्दोष सुटून परत आलेल्या माणसाकडे मिस्सेनंतर देवळाच्या पायऱ्यांवर लोक कसे पाहतात, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. न्यायालयाने सोडले तरी मालिकेने घडवलेले मन त्याला सोडत नाही.

अर्थात ही आवड आजची नव्हे. आपल्या कॅथलिक बायबलात दानिएलाच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात सुझान्नेची कथा आहे, प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या सोमवारी ती आपण ऐकतो. दोन वडीलधारे खोटा आळ घेतात, जमाव तिला मरणाची शिक्षा ठरवतो, आणि तरुण दानिएल त्या दोघांना वेगळे करून एकच प्रश्न विचारतो : कोणत्या झाडाखाली? दोघे दोन झाडे सांगतात. उलटतपासणीचा याहून सुबक नमुना कोणत्या मालिकेत आहे? परंतु दानिएलाचे पहिले वाक्य जमावाला उद्देशून आहे, तपास न करता दोषी ठरवल्याबद्दल तो त्यांनाच दोष देतो. आपल्या मालिका ‘दानिएल’ घेतात, जमावाला मात्र सोफ्यावर आरामात बसवून ठेवतात.

विजय तेंडुलकरांनी १९६७ साली ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मध्ये त्या जमावालाच रंगमंचावर आणले. वेळ घालवण्यासाठी मांडलेला अभिरूप खटला बघता बघता लीला बेणारे या शिक्षिकेच्या जिवावर उठतो. तिच्यासाठी कोणी दानिएल उभा राहत नाही. न्यायालयाच्या करमणुकीत काय दडलेले असते, हे या नाटकाइतके निर्भीडपणे आपल्याकडे क्वचितच कोणी दाखवले असेल.

खरे न्यायालय पाहायचे असेल तर चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा चित्रपट पाहावा. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरवला गेला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आपल्या विदर्भातील कार्यकर्ते वीरा साथीदार (ते २०२१ साली कोरोनाने गेले) यांनी त्यात लोकशाहीर नारायण कांबळे उभा केला आहे. त्याच्या गाण्यामुळे एका गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. येथे कोणी ओरडत नाही. कॅमेरा एका जागी खिळलेला, पंखा फिरतो, तारीख पडते. बाही नसलेले कपडे घातले म्हणून एका पक्षकार बाईचे प्रकरण त्या दिवशी ऐकलेच जात नाही. आणि मग त्या मृत कामगाराची विधवा साक्षीला येते. गटारात उतरण्यापूर्वी झुरळे बाहेर येतात का, हे तो पाहायचा. त्यावरून वायूचा अंदाज घ्यायचा. ती हे सपाट आवाजात, डोळ्यांत पाणी न आणता सांगते. सारा खटला तेथेच कोसळतो, पण न्यायालयात कोणालाही त्याचा धक्का बसलेला दिसत नाही. न्यायाधीश टंकलेखकाला पुढचे वाक्य सांगतात.

हे दृश्य मला ओळखीचे वाटले. कुरखेड्याच्या जंगलपट्ट्यातून गडचिरोलीला तारखेसाठी जाणारा माणूस पहाटेची एस.टी. धरतो, मजुरी बुडवतो, आणि दुपारी पुढची तारीख घेऊन परततो. गोंडीत बोललेली साक्ष मराठीत टंकलिखित होते आणि ‘हे म्हणणे खरे नाही की’ अशा वाक्यांत तिच्यातील माणूस हरवून जातो. मालिकेत हे दाखवले तर तिसऱ्याच भागात वाहिनी बदलली जाईल, हे मला कळते. तरीही ‘कोर्ट’ प्रेक्षकाला दोन तास खिळवून ठेवतो, म्हणजे दोष विषयाचा नाही.

मालिकेत निकाल झोपण्याआधी लागतो. झटपट निकालाचे आकर्षण वाटणाऱ्यांनी पवित्र शुक्रवार आठवावा : रात्री अटक, पहाटे महासभा, सकाळी पिलात, दुपारी क्रूस. आणि विलंबाचे काय? येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीत अटक झाली. वय ८३, कंपवाताने हात थरथरत असल्याने त्यांनी पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मागितला, त्या अर्जावरही तारखा पडल्या. ५ जुलै २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या जामिनाची सुनावणी सुरू असताना ते वारल्याचे रुग्णालयाच्या डॉक्टरांनी न्यायालयाला कळवले. त्यांच्यावरील खटला तोवर सुरूही झाला नव्हता.