दयेची फळी आणि खिद्रापूरचे हत्ती

इथे कोयनानगरात बसून इंग्लंडमधल्या रिपन कॅथेड्रलच्या लाकडी आसनांविषयी बोलायचं, तर आधी ते आसन वापरायचे कसे ते सांगतो. प्रार्थना लांबलचक, आणि ती उभ्यानं म्हणायची. म्हाताऱ्या धर्मगुरूंचे पाय भरून यायचे. मग बिजागरीची फळी वर उचलायची, की तिच्या खालचा छोटा टेकू पुढे येतो. त्यावर ढुंगण टेकायचं, आणि लांबून मात्र माणूस उभाच दिसतो! या टेकूचं नाव मिझरिकॉर्ड, म्हणजे दया.

रिपनला असे 34 टेकू आहेत. एकावर 1489 हे सालही कोरलंय. प्रत्येकाखाली नक्षी: हंसाला नि कोंबड्याला उपदेश करणारा कोल्हा, एक ससा ग्रिफिनच्या तावडीत, तर दुसरा अर्धा बिळात.

जागा लपलेली, म्हणून सुतारानं धर्मगुरूंची गुपचूप टर उडवली, असं हौसेनं सांगतात. मला पटत नाही. तिथले योना आणि शमशोन एका छापील बायबल-चित्रपुस्तकावरून घेतलेत. ढोंगी कोल्हा तर खुद्द प्रवचनांत यायचा. यात बंड कसलं?

बंड शोधताना आपण वजन विसरतो. आपली कोयना कराडला कृष्णेला मिळते, आणि ते पाणी पुढे खिद्रापूरला जातं. तिथल्या कोपेश्वराच्या पायाशी हत्तींची रांग आहे, देऊळ पाठीवर घेतलेली. ती कोणी लपवलेली नाही, आणि हत्ती नुसते शोभेचे वाटत नाहीत; भार अंगात उतरलेला दिसतो. रिपनलाही आसनांच्या टोकाशी पाठीवर किल्ला घेतलेला हत्ती आहे, पण तो ऐकीव हत्ती. तिथला खरा भार टेकूखालीच बघावा. थकलेल्या माणसाचं ओझं वर, आणि त्या चिंचोळ्या जागेत बसवायचं म्हणून सशाचं अंग असं दुमडलेलं.

रिपन 1836 साली कॅथेड्रल झालं. त्याखालचं तळघर सातव्या शतकातलं. 1660 मध्ये मनोऱ्याचं शिखर कोसळून आसनांची मोडतोड झाली. हादरे म्हणजे काय, ते कोयनेत सांगायला नको. तरी टेकू उरले. पुस्तकांतल्या फोटोंत मात्र बऱ्याचदा टेकू कापून नुसता ससा दाखवतात, आणि मग त्याला चित्र म्हणतात.