वंश आणि सभा : 'राधामाधवविलासचंपू'तील आपलेपणाचा प्रश्न

होसकोटे हे बंगळुराहून कोलारकडे जाणाऱ्या वाटेवरचे गाव. कानडीत या नावाचा अर्थ 'नवा कोट' असा होतो. 1638 मध्ये विजापूरच्या आदिलशाहीच्या वतीने रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांनी बंगळूर घेतले. त्यानंतर बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर व शिरे हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला. आपल्या वाङ्मयेतिहासात हा प्रदेश येतो तो बहुधा शिवचरित्राची पार्श्वभूमी म्हणून. वास्तविक, 'मराठी माणूस कोण' या प्रश्नाचा वाङ्मयीन विचार करण्यास याहून योग्य भूमी क्वचितच सापडेल. त्या विचाराचे साधन म्हणजे सतराव्या शतकाच्या मध्यास शहाजीराजांच्या आश्रयाने रचला गेलेला जयराम पिंड्ये याचा 'राधामाधवविलासचंपू' हा ग्रंथ होय.

या काव्याच्या पूर्वार्धात राधाकृष्णांचा विलास आहे, उत्तरार्धात शहाजीराजांचा दरबार आहे आणि अखेरीस अनेक देशभाषांतील रचना आहेत. राजांच्या प्रथम भेटीत कवीने बारा नारळ पुढे ठेवले आणि बारा भाषांत काव्य करण्याची आपली सिद्धता सूचित केली, हा त्यातील प्रसंग प्रसिद्धच आहे. गोपाचलीय, गुर्जर, पंजाबी, यावनी, कर्नाटक अशा भाषा संस्कृत-प्राकृतांच्या पंक्तीला बसतात. याच काव्यात भोसल्यांचे मूळ चितोडच्या शिसोदिया कुळाशी जोडलेले आहे. म्हणजे 'आपण कोण' या प्रश्नाला चंपू दोन उत्तरे देतो. एक वंशाचे : आम्ही दूरच्या, उत्तरेकडील, कीर्तिमंत रक्ताचे. दुसरे सभेचे : आमच्या भोवती ज्यांच्या भाषा ऐकू येतात, त्यांच्यासह आम्ही आहोत.

माझे म्हणणे असे की, आपल्या अभ्यासपरंपरेने यांतील पहिले उत्तर उचलले आणि दुसरे बाजूस टाकले. वि. का. राजवाडे यांनी 1922 मध्ये हा ग्रंथ प्रकाशात आणला. हे त्यांचे ऋण मान्य करूनही म्हणावे लागते की, त्यांच्या प्रदीर्घ प्रस्तावनेत मराठ्यांचे मूळ, वर्ण आणि संकर यांचा ऊहापोह इतका विस्तारला की प्रत्यक्ष काव्य त्याच्या छायेत गेले. पुढे डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव' (2001) या ग्रंथात भोसले कुळाचे मूळ उत्तरेत न शोधता दक्षिणेत, होयसळांशी संबद्ध अशा सोरटूरच्या घराण्यात शोधले. हा सिद्धांत सर्वमान्य झालेला नाही. परंतु त्याचे वाङ्मयीन महत्त्व मोठे आहे. दक्षिणेत राहून, दक्षिणेचे दैवत पुजून, वंशावळ मात्र उत्तरेची सांगावी, ही विसंगती त्याने उघडी केली. तथापि, येथेही प्रश्न वंशाचाच राहिला. केवळ दिशा बदलली.

पूर्वज निवडण्याची ही वृत्ती केवळ आपली नव्हे. कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताक 1844 मध्ये शेजारच्या हैतीपासून स्वतंत्र झाले. तेथील बहुसंख्य समाज आफ्रिकी व युरोपीय रक्ताच्या मिश्रणातून घडलेला आहे. परंतु राष्ट्रीय कादंबरी म्हणून मान्यता पावलेल्या मान्वेल दे हेसुस गाल्वानच्या 'एन्रिकियो'ने (1882) नायक निवडला तो मूळनिवासी ताइनो सरदार. सावळ्या वर्णाच्या नागरिकांच्या ओळखपत्रांवर दीर्घकाळ 'इंदियो' असा शब्द लिहिला जाई. आफ्रिकी पूर्वज अशा रीतीने शब्दांतून पुसला गेला आणि 'काळा' तो हैतीचा, असे समीकरण रूढ झाले. त्याची किंमत माणसांनी मोजली : 1937 मध्ये त्रुहियोच्या राजवटीत सीमेवर हैतीयांची कत्तल झाली आणि 2013 मध्ये तेथील घटना न्यायालयाच्या निर्णयाने त्याच भूमीत जन्मलेल्या हैतीवंशीय सहस्रावधी लोकांचे नागरिकत्व धोक्यात आले. आपल्याकडील जातीचा प्रश्न आणि तेथील वर्णाचा प्रश्न एकच आहेत, असे मी म्हणत नाही. साम्य आहे ते एवढेच की, वंशाची कथा नेहमी कोणाला तरी घराबाहेर ठेवूनच पूर्ण होते.

म्हणून चंपूची सभा आदर्श होती असे मानावे काय? तसे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ही राजसभा आहे. तीतील बहुभाषिकता हे आश्रयदात्याच्या वैभवाचेही प्रदर्शन आहे. ज्या रयतेच्या कष्टावर ही जहागीर चालत होती, तिची कानडी येथे ऐकू येते ती कवीच्या मुखातून, तिच्या स्वतःच्या नव्हे. ही मर्यादा ध्यानात घेऊनही एक गोष्ट उरते : या कवीला आपल्या धन्याचे मोठेपण सिद्ध करण्यास एक भाषा पुरेशी वाटली नाही.

ही दुहेरी परंपरा पुढे तंजावरात गेली. 1684 मध्ये गादीवर आलेल्या शहाजीने 'पंचभाषाविलास' नाटक रचले. तेथल्याच बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर 1803 मध्ये सरफोजीने भोसल्यांचा वंशेतिहास मराठीत कोरविला. आपण त्या शिलालेखाचा अभिमान मिरवतो; पाच भाषांच्या त्या नाटकाचे काय करावे, हे मात्र आपल्याला ठाऊक नसते.

प्रश्न केवळ ग्रंथांचा नाही. बंगळूर-कोलारच्या परिसरात पिढ्यान् पिढ्या राहिलेले मराठे, भावसार, नामदेव शिंपी घरात मराठी बोलतात आणि व्यवहारात कानडी. कानडी शेजारी त्यांना 'आरे' म्हणतात, आणि महाराष्ट्रात ते आले की त्यांच्या क्रियापदांना हसणारे आपण असतो. त्यांच्या बोलीस आपण 'भ्रष्ट' म्हणतो, म्हणून तिच्यातील कथा-गीते आपल्या वाङ्मयेतिहासात येत नाहीत. वंश विचारला तर ते आपले. भाषा ऐकली की परके! जयराम पिंड्याच्या सभेत ज्या मिश्र वाणीला आसन होते, तिला आपल्या इतिहासग्रंथांत तळटीपही मिळू नये, हा दोष त्या बोलीचा नव्हे. चंपूची नवी आवृत्ती जेव्हा कोणी सिद्ध करील, तेव्हा त्याने प्रस्तावनेचा आरंभ वंशावळीपासून न करता त्या बारा नारळांपासून करावा.