खरेदी, परवाना आणि बिदागी : संगीत विकत घेण्याच्या नीतीची चिकित्सा

संगीत विकत घेणे ही क्रिया वरवर पाहता इतकी साधी आहे की, तिच्यात नीतिविचाराला काही अवकाश असेल असे सहसा वाटत नाही. किंमत दिली, वस्तू हाती आली, व्यवहार संपला. तथापि विसाव्या शतकाच्या अखेरीस ध्वनी अंकरूपाने साठवता येऊ लागला, त्याची प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला आणि या साध्या क्रियेचे घटक एकमेकांपासून सुटे झाले. १९९९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या नॅप्स्टर या सेवेने श्रोत्यांना परस्परांच्या संगणकांवरील गाणी विनामूल्य मिळवून दिली. २००१ साली न्यायालयाच्या आदेशानंतर ती बंद पडली. या घडामोडीतून संगणकाच्या जाणकार, हौशी वर्गात एक विचारप्रवाह निर्माण झाला. गाणे चोरावयाचे नाही, पण ज्या अटींवर ते विकले जाते त्या अटीही निमूटपणे मान्य करावयाच्या नाहीत, अशी या वर्गाची भूमिका होती. पैसा कोणाला द्यावा, कोणत्या दुकानात द्यावा, आणि त्या बदल्यात काय मिळाले तर व्यवहार न्याय्य म्हणावा, हे प्रश्न त्याने मोठ्या आस्थेने चर्चिले. या विचाराचे मोल मान्य करूनही त्यात एक मूलगामी गफलत आहे, असे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे. ग्राहकाचा हक्क आणि कलावंताचा हक्क या दोन भिन्न गोष्टी या विचाराने एकाच शब्दात कोंबल्या, आणि पहिलीचे रक्षण झाले म्हणजे दुसरीचेही झाले असे गृहीत धरले.

ही गफलत उकलण्यास मराठीतील शब्दव्यवस्था उपयोगी पडते. वस्तूचे मोल देऊन ती आपली करणे म्हणजे खरेदी. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू अटींसह वापरण्याची मुभा म्हणजे परवाना. गायकाने गायिले, त्याची कदर म्हणून त्याच्या हाती ठेवले जाते ते द्रव्य म्हणजे बिदागी. आणि निर्मितीवरील हक्कामुळे, कोणाच्या मर्जीवर अवलंबून न राहता, निर्मात्याला मिळावयाचे ते स्वामित्वधन. पहिल्या दोन शब्दांचा संबंध वस्तूशी आहे, पुढील दोहोंचा माणसाशी. इंग्रजीतील विक्रीच्या भाषेत हे चारही अर्थ एकाच क्रियापदाखाली झाकले जातात, आणि आधुनिक संगीतव्यापाराचा पुष्कळसा डोलारा या झाकण्यावर उभा आहे.

ध्वनिमुद्रिकेच्या आगमनापर्यंत या घटकांची सरमिसळ होण्याचे कारण नव्हते, कारण गाणे गायकापासून वेगळे करता येत नव्हते. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यास आला आणि गौहर जान यांच्यासारख्या कलावंतांचा आवाज तबकडीवर उतरविला गेला, तेव्हा ही ताटातूट झाली. श्रोता दुकानातून तबकडी घेई. कलावंताचा व्यवहार मात्र कंपनीशी होई. श्रोत्याने मोजलेल्या रुपयातील किती भाग गायकापर्यंत पोहोचतो, हे त्याला ठाऊक नसे आणि विचारण्याचे प्रयोजनही वाटत नसे. परंतु एक गोष्ट निर्विवाद होती: तबकडी त्याची होती. ती त्याने शेजाऱ्याला ऐकावयास द्यावी, जुन्या बाजारात विकावी वा नातवासाठी ठेवावी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली एका पुस्तकाच्या संदर्भात हाच दंडक घालून दिला होता: एकदा प्रत विकली की तिच्या पुढील विक्रीची किंमत ठरविण्याचा अधिकार प्रकाशकाला उरत नाही.

एप्रिल २००३ मध्ये अ‍ॅपल कंपनीने आयट्यून्स हे दुकान उघडले आणि ९९ सेंटला एक गाणे विकावयास आरंभ केला. या गाण्यांना फेअरप्ले नावाचे अंकीय कुलूप होते. ती ठरावीक संख्येच्याच संगणकांवर वाजत आणि इतर उत्पादकांच्या खिशातील यंत्रांवर सामान्यतः वाजत नसत. दुकानाच्या पाटीवर खरेदी होती, पुडक्यात परवाना होता. २००५ साली सोनी बीएमजी कंपनीच्या काही तबकड्यांनी ग्राहकाच्या संगणकात गुप्तपणे एक आज्ञावली बसविल्याचे उघडकीस आले. तिच्यामुळे संगणकाची सुरक्षितताच धोक्यात येत होती, आणि कंपनीला त्या तबकड्या बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. २००८ साली याहूने आपले संगीताचे दुकान बंद केले, तेव्हा कुलपांच्या किल्ल्या देणारी यंत्रणाही थांबणार असल्याचे जाहीर झाले. मोल देऊन घेतलेली गाणी नव्या संगणकावर नेता येणार नाहीत हे ग्राहकांना तेव्हा कळले, आणि कंपनीला भरपाईची तयारी दाखवावी लागली. या तीन उदाहरणांवरून तंत्रज्ञानप्रेमींची तक्रार रास्त होती याविषयी शंका उरत नाही. खुल्या स्वरूपातील गाण्यांचा त्यांचा आग्रह, ऑग व्हॉर्बिस आणि फ्लॅक या मुक्त ध्वनिस्वरूपांचा त्यांनी केलेला पुरस्कार, हा केवळ हौशी चोखंदळपणा नव्हता. एमपी३ या स्वरूपाचा परवाना-व्यवहार २०१७ पर्यंत चालू होता हे लक्षात घेतले, म्हणजे त्या आग्रहामागील व्यावहारिक कारण स्पष्ट होते.

प्रश्न आहे तो या तक्रारीच्या निराकरणाने काय साधले याचा. या दृष्टीने अ‍ॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी ६ फेब्रुवारी २००७ रोजी प्रसिद्ध केलेले संगीतविषयक जाहीर पत्र बारकाईने वाचण्यासारखे आहे. त्यात तीन पर्याय मांडले आहेत: आहे तेच चालू ठेवणे, फेअरप्ले हे कुलूप इतर कंपन्यांना वापरावयास देणे, किंवा कुलूपच काढून टाकणे. जॉब्ज तिसऱ्याचा पक्ष घेतात आणि त्याची जबाबदारी चार मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांवर टाकतात. ग्राहक अ‍ॅपलच्या यंत्राला जखडले गेले आहेत या आक्षेपाला त्यांचे उत्तर आकडेवारीचे आहे. २००६ च्या अखेरपर्यंत ९ कोटी आयपॉड आणि २०० कोटी गाणी विकली गेली. म्हणजे दर यंत्रामागे सरासरी २२ गाणी. लोकप्रिय आयपॉडमध्ये १,००० गाणी मावतात. तेव्हा कुलूपबंद गाण्यांचे प्रमाण ३ टक्क्यांहूनही कमी, आणि एवढ्यासाठी कोणी जखडला जाईल हे पटण्यासारखे नाही, असा हा युक्तिवाद आहे.

या युक्तिवादाची मांडणी आकर्षक असली तरी ती तर्काला धरून नाही. सरासरी हे कोणत्याही एका ग्राहकाचे वर्णन नव्हे. ज्याने एकही गाणे विकत घेतले नाही तो मुळीच जखडलेला नाही, आणि ज्याने प्रामाणिकपणे दोनशे गाणी विकत घेतली तो पुरता जखडलेला आहे; दोघांची बेरीज करून भागाकार केल्याने दुसऱ्याची बेडी सैल होत नाही. उलट, बेडी पडली ती नेमकी ज्याने कायदा पाळला त्याच्याच पायात, हे या आकड्यांतून निष्पन्न होते. परंतु पत्रातील याहून मोठी उणीव वेगळीच आहे. त्यात दुकान आहे, यंत्र आहे, कंपनी आहे आणि ग्राहक आहे. विक्रीतून गायक-वादकाच्या पदरी काय पडते याची चर्चा मात्र नाही. एप्रिल २००७ मध्ये ईएमआय कंपनीने कुलूप काढावयास संमती दिली. त्या गाण्यांचा ध्वनी अधिक चांगला होता आणि किंमत १ डॉलर २९ सेंट होती. जानेवारी २००९ मध्ये उरलेल्या मोठ्या कंपन्याही त्याच मार्गाने जात असल्याचे जाहीर झाले. तंत्रज्ञानप्रेमींनी हा नीतीचा विजय मानला. वस्तुतः तो खरेदीचा विजय होता. परवान्याची पुन्हा खरेदी झाली, एवढेच. १९०२ पासून पडद्याआड असलेला प्रश्न पडद्याआडच राहिला.

तो प्रश्न सरळ हाताळण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. कॅलिफोर्नियात जॉन बकमन यांनी २००३ साली मॅग्नाट्यून ही संस्था काढली. आपण दुष्ट नाही, असे तिचे घोषवाक्यच होते. विक्रीचा निम्मा हिस्सा कलावंताला मिळे. संग्रहाची किंमत ५ ते १८ डॉलरच्या दरम्यान ग्राहकाने स्वतः ठरवावयाची असे. आणि गाण्यांना कुलूप नसे. येथे खरेदी आणि बिदागी प्रथमच एका फळीवर मांडल्या गेल्या. ऑक्टोबर २००७ मध्ये रेडिओहेड या ब्रिटिश वाद्यवृंदाने ‘इन रेनबोज’ हा संग्रह श्रोत्याच्या इच्छेस येईल त्या किमतीला दिला. या दुसऱ्या प्रयोगाचा गाजावाजा अधिक झाला, पण त्याचे प्रमाणमूल्य कमी आहे. कारण ज्या कीर्तीच्या बळावर तो करता आला, ती कीर्ती त्याच जुन्या कंपनीव्यवस्थेत मिळविलेली होती. अप्रसिद्ध कलावंताने तोच मार्ग धरला असता तर त्याला हेच यश लाभले असते, असे म्हणता येत नाही.

पण या दोन्ही प्रयोगांविषयी याहून मूलभूत शंका उपस्थित होते, आणि ती बिदागी या शब्दातच दडलेली आहे. बिदागीत आदर आहे, परंतु हक्क नाही. ती देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते. अल्लादिया खाँसाहेबांसारख्या थोर गवयाला कोल्हापुरात शाहू महाराजांचा आश्रय लाभला. महाराज १९२२ साली निवर्तले आणि त्यानंतर खाँसाहेबांनी मुंबईची वाट धरली. दाता उदार असला तरी दानावर उभी असलेली व्यवस्था किती नाजूक असते, हे त्यावरून दिसते. श्रोत्याने स्वेच्छेने ठरविलेली किंमत हे त्याच आश्रयाचे लोकशाहीतील रूप आहे. एका संस्थानिकाच्या जागी हजार लहान संस्थानिक आले, एवढाच फरक. त्यांची सदिच्छा खरी असेल. पण सदिच्छेवर घर चालत नाही.

सदिच्छेने चालविलेल्या दुकानाची गतही निराळी नाही. २००८ साली सुरू झालेले बँडकॅम्प हे अंकीय विक्रीतील सुमारे १५ टक्के ठेवून घेणारे आणि खुल्या स्वरूपात गाणी देणारे दुकान म्हणून विवेकी ग्राहकांचे माहेरघर झाले. २०२० च्या मार्चपासून साथीच्या काळात ठरावीक शुक्रवारी स्वतःचा हिस्सा सोडण्याची प्रथाही त्याने पाडली. परंतु २०२२ मध्ये ते एपिक गेम्स कंपनीने विकत घेतले, २०२३ मध्ये ते साँगट्रेडरकडे गेले, आणि त्या हस्तांतरात सुमारे निम्म्या कर्मचाऱ्यांना काम गमवावे लागले. जेथे विवेकाने खरेदी करावयाची ते दुकानच विक्रीस निघू शकते, याची ग्राहकाच्या नीतिशास्त्रात तरतूद नव्हती.

दरम्यान खरेदीच मागे पडली आणि वर्गणी आली. स्पॉटिफायसारख्या सेवांत श्रोता दरमहा रक्कम भरतो. ती रक्कम तो ज्यांना ऐकतो त्यांच्याकडेच जाते असे त्याला वाटते. प्रत्यक्षात सर्वांच्या वर्गण्या एकत्र करून एकूण श्रवणातील वाट्याच्या प्रमाणात त्या वाटण्याची पद्धत प्रामुख्याने रूढ आहे. महिनाभर एकाच सतारवादकाला ऐकणाऱ्याची बहुतेक वर्गणी, ज्यांचे नावही त्याने ऐकले नाही, अशांच्या खाती जमा होते. २०२४ पासून स्पॉटिफायने, मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न वाजलेल्या गाण्यास मोबदला न देण्याचा नियमही केला. येथे ग्राहकाचा विवेक निरुपयोगी ठरतो. कारण निवड करण्याची जागाच व्यवहारातून नाहीशी झाली आहे.

म्हणून या विषयाचे खरे केंद्र दुकानात नसून कायद्यात आहे, हे मान्य करावे लागते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेली दुरुस्ती या संदर्भात महत्त्वाची आहे. चित्रपटातील गीताचा गीतकार आणि संगीतकार यांनी इतर हक्क निर्मात्याला दिले, तरी चित्रपटगृहाबाहेरील वापराबद्दलच्या स्वामित्वधनातील समान वाटा त्यांना निर्मात्याच्या नावे लिहून देता येत नाही, अशी तरतूद तिने केली. व्यापारी वापराबद्दल गायक-वादकांचा हक्कही मान्य केला. बिदागीचे स्वामित्वधनात रूपांतर होते ते येथे. याच दुरुस्तीने अंकीय कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडणे हा गुन्हा ठरविला, मात्र कायद्याने स्पष्टपणे न निषेधिलेल्या कारणांसाठी मोकळीक ठेवली. ग्राहक आणि कलावंत यांचे प्रश्न भिन्न असून दोहोंची स्वतंत्र व्यवस्था करावी लागते, ही जाण या तरतुदींत दिसते. कॅलिफोर्नियातही १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने, कायमची प्रत न देता केवळ परवाना देणाऱ्या विक्रेत्यास ती गोष्ट ग्राहकाला स्पष्टपणे सांगणे भाग पाडले आहे. शब्दांची ही शुद्धी उशिरा झाली, तरी ती नीतीचीच शुद्धी आहे. अर्थात कायद्यातील हक्क आणि हाती पडणारे द्रव्य यांत अंतर असते, आणि ते अंतर कलावंतांच्या संघटित प्रयत्नावाचून तुटत नाही.

याचा अर्थ ग्राहकाचा विवेक व्यर्थ आहे असा नव्हे. कुलपांविरुद्ध आवाज उठला तो प्रथम याच वर्गातून, आणि मॅग्नाट्यूनसारख्या प्रयोगांनी निम्मा हिस्सा देऊनही दुकान चालविता येते हे दाखवून दिले. दोष आहे तो विवेकाने स्वतःला पर्याप्त मानण्यात. फ्लॅक स्वरूपातील निर्दोष प्रत योग्य दुकानातून घेतल्याचे समाधान हे पुष्कळदा स्वतःच्या निष्कलंकतेचे समाधान असते. गायकाच्या घरी त्या महिन्याचे भाडे भरले गेले की नाही, याचा त्याच्याशी संबंध असतोच असे नाही. गाण्याची प्रत घेणाऱ्याची व्हावी, ही मागणी न्याय्य आहे. गाणाऱ्याचा वाटा मात्र कोणाच्या औदार्याचा विषय राहू नये, ही तिच्याहून वेगळी आणि अधिक निकडीची मागणी आहे. पहिली पुरी झाली म्हणून दुसरीचा विसर पडणे, हाच या साऱ्या चर्चेतील खरा नैतिक धोका होय.