मांडीवरचं स्वरमंडळ आणि खांद्यावरची हार्प

मुंबईच्या आरे कॉलनीत पाऊस लागला की आमच्या युनिटच्या रस्त्यावर तबेल्यांचा वास आणि ओल्या झाडांची सळसळ एवढंच उरतं. गेल्या आषाढात अशाच एका सकाळी मी फ्रेंच रचनाकार देब्युसीचा १९१५ सालचा सोनाटा लावला होता. त्यात बासरी, व्हायोला आणि हार्प ही तीनच वाद्यं आहेत. बासरीचा सूर हार्प अलगद झेलते, व्हायोला तो गडद करते, आणि तिघांतलं कुणीही कुणाचं साथीदार नसतं. सोनाटा संपला आणि मला किशोरीताई आमोणकरांच्या मांडीवरचं स्वरमंडळ आठवलं. छेडलेल्या तारांचं हे आपलं वाद्य. त्याच्या वाट्याला असं संगीत का आलं नाही?

हार्पसुद्धा बराच काळ दिवाणखान्याची शोभा होती. तिला मैफलीच्या मध्यभागी आणणाऱ्यांत पॅरिसच्या आँरिएत रेनिए (१८७५–१९५६) यांचं नाव मी सगळ्यात वर ठेवतो. लहानपणी त्यांचे पाय हार्पच्या पेडलपर्यंत पोचत नव्हते, म्हणून वडिलांनी पेडलना जोड करून दिले. अकराव्या वर्षी त्यांनी पॅरिस कॉन्झर्व्हेतॉरमध्ये पहिलं पारितोषिक मिळवलं. १९०१ साली त्यांनी स्वतः रचलेला कॉन्चेर्तो मोठ्या वाद्यवृंदासमोर बसून वाजवला. व्हायोलिन आणि चेलोसोबतची त्यांची त्रिवाद्य रचनाही आहे. वाजवणारी बाईच रचनाकार होती, म्हणून वाद्याला काय झेपतं हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. हे श्रेय अजून पुरेसं दिलं जात नाही. कॉन्झर्व्हेतॉरमधली हार्पची प्राध्यापकी १९१२ साली रिकामी झाली, तीही त्यांना मिळाली नाही.

त्याच काळात वाद्य बनवणाऱ्या दोन कंपन्यांची चुरस होती. प्लेयेलने आपल्या पेडल नसलेल्या क्रोमॅटिक हार्पसाठी देब्युसीकडून १९०४ साली दोन नृत्यं लिहून घेतली. लगेच एरारने पेडल हार्पसाठी राव्हेलला गाठलं आणि हार्प, बासरी, क्लॅरिनेट व चार तंतुवाद्यांचं ‘इंट्रोडक्शन अँड अलेग्रो’ जन्माला आलं. पुढे १९२७ साली आर्नल्ड बॅक्सने मारिया कोर्चिन्स्का या हार्पवादिकेसाठी व्हायोला आणि हार्पचा सोनाटा लिहिला. वादिका समोर होती, म्हणून रचना झाली.

आता स्वरमंडळाकडे पाहू. किशोरीताईंचा आलाप क्षणभर थांबला की बोटं तारांवरून सावकाश फिरायची आणि रागाचं सगळं आकाश एकदम उजळायचं. पण हे वाद्य एका रागापुरतंच लावलेलं असतं. भूपासाठी मिळवलेल्या स्वरमंडळात मध्यम आणि निषाद शोधूनही सापडत नाहीत. पुढचा राग घ्यायचा तर चावी घेऊन एकेक खुंटी पिळत बसायचं. पेडल हार्पला ४७ तारा आणि सात पेडल असतात. एक पेडल दाबलं की त्या नावाचे सगळे सूर, सगळ्या सप्तकांत, अर्ध्या स्वराने सरकतात. हा फरक मोठा आहे, मान्य. तरी तो सबब होऊ शकत नाही. संतूरही राग बदलताना पुन्हा मिळवावं लागतं, आणि शिवकुमार शर्मांनी ते याच मुंबईतून एकल वादनाच्या मंचावर नेलं.

शिवाय हार्पचं कूळ आपल्याला परकं नाही. भाजे लेण्यातल्या विहाराच्या भिंतीवर राजापुढे नर्तकी नाचते आहे आणि तिच्यालगत बसलेला वादक धनुष्याकृती वीणा छेडतो आहे. ती हार्पच आहे. मावळातल्या दगडात ती दोन हजार वर्षं टिकली. हातांतून मात्र निसटली.

मी ऐकलेल्या बहुतेक मैफलींत स्वरमंडळ गायकाच्या मांडीवरून खाली उतरलं नाही. चित्रपटसंगीतात त्याची एखादी लकेर चमकून जाते, तेवढीच. नव्या रचनाकारांना, विशेषतः वाजवणाऱ्या मुलींना, माझी विनंती आहे: बासरी, व्हायोलिन आणि स्वरमंडळ यांच्यासाठी दहा मिनिटांची एक रचना लिहा, आणि तीत गायकाला जागा ठेवू नका.