शालेय पाठातील ओमचा नियम

विद्युतधारेवरील शालेय प्रकरणाची रचना इतकी रूढ झाली आहे की, तिच्याकडे रचना म्हणून पाहण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. घट, कळ, तार व दिवा यांची आकृती, मग विभवांतर, मग ओमचा नियम, त्याला लागूनच रोधाचे सूत्र आणि अखेरीस एकसर व समांतर जोडणीची उदाहरणे, असा हा क्रम असतो. यांतील नियम आणि सूत्र यांमधला सांधा मात्र तपासून पाहण्यासारखा आहे.

वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना त्यातील धारा त्याच्या टोकांमधील विभवांतराच्या समप्रमाणात असते, हा नियम होय. विभवांतराला धारेने भागून येणारी राशी म्हणजे रोध, ही व्याख्या होय. नियम निसर्गाविषयी काही सांगतो. म्हणूनच तो खोटाही ठरू शकतो. व्याख्या कोणत्याही वस्तूला लावता येते आणि ती खोटी ठरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पाठात दोहोंना एकाच समीकरणात कोंबले जाते. त्यामुळे शेकडो उदाहरणे बिनचूक सोडविणारा विद्यार्थी ‘हा नियम कोठे लागू पडत नाही?’ या साध्या प्रश्नापाशी अडतो. ‘भौतिक अवस्था कायम असताना’ हे शब्द तर पूजेच्या संकल्पातील देशकालाच्या उच्चारासारखे म्हटले जातात. म्हणणाऱ्याचे लक्ष पुढच्या कृत्याकडे लागलेले असते.

वस्तुतः आकृतीतला दिवाच या शब्दांची परीक्षा घेण्यास पुरेसा आहे. 230 व्होल्टवर चालणाऱ्या 100 वॉटच्या टंगस्टन-तंतूच्या दिव्याचा पेटलेल्या स्थितीतील रोध 529 ओम येतो. तोच तंतू थंड असता रोध जेमतेम चाळीस ओमच्या आसपास भरतो. (असा दिवा बहुधा कळ दाबतानाच का जातो, याचे उत्तरही या तफावतीत आहे.) तंतूचे दिवे आता घरांतून मागे पडले आहेत, त्यांच्या जागी आलेल्या एलईडीत तर धारा व विभवांतर यांचे समप्रमाण मुळीच नसते. तरीही उदाहरणांतला दिवा सदैव एकाच रोधाचा असतो.

ओमचा स्वतःचा मार्ग याहून फार निराळा होता. कोलोन येथील शाळेत शिकविणाऱ्या या गृहस्थाला 1825 मधील प्रयोगांत घटांच्या अस्थिरतेने सतावले. पोगेनडोर्फच्या सूचनेवरून त्याने बिस्मथ व तांबे यांचे तापविद्युत् युग्म घेतले, एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला, आणि 2 पासून 130 इंचांपर्यंत लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक जोडून चुंबकसूचीवरील परिणाम मोजला. 1826 मध्ये त्याने मांडलेल्या सूत्रात छेदस्थानी दोन पदे होती: एक जोडलेल्या तारेची लांबी, आणि दुसरे परिपथाच्या उरलेल्या भागाचा रोध दर्शविणारा स्थिरांक. म्हणजे ज्याला आज अंतर्गत रोध म्हणून मागाहून, एखाद्या पुरवणीप्रमाणे, शिकविले जाते, ते मूळ सूत्राचे अंगच होते.

शालेय पाठाने हे दुसरे पद गाळले, आणि येथे खरी हानी झाली. जुन्या कोरड्या घटाला दुप्पट लांबीची तार जोडली, तर धारा निम्मी होत नाही; निम्म्याहून काहीशी अधिक राहते. विद्यार्थ्याला हे अमीटरवर दिसते. पण पाठाने निम्मीच धारा शिकविलेली असल्यामुळे तो आपले बरोबर निरीक्षण ‘प्रयोगातील त्रुटी’ या सदरात टाकतो, किंबहुना आकडे सूत्राला जुळवून घेतो.

नवशिक्याला अपवाद सांगून गोंधळात का पाडावे, असा आक्षेप येईल. तो अगदीच टाकाऊ नाही. परंतु नियमाच्या मर्यादा म्हणजे नियमाचे अपवाद नव्हेत. ओमच्या नियमाची अचूकता हा पुढेही दीर्घकाळ शोधाचाच विषय होता. 1876 मध्ये जॉर्ज क्रिस्टल याने केंब्रिजला धातूच्या तारेवर त्याची अत्यंत कसून परीक्षा केली. जे पडताळण्यासाठी शास्त्रज्ञांना पन्नास वर्षांनंतरही प्रयोग करावासा वाटला, ते निव्वळ भागाकाराचे सूत्र कसे असेल?

पाठात सुधारणा करण्यास नवी सामग्री लागत नाही. नियम आधी केवळ प्रयोगाचा निष्कर्ष म्हणून यावा, आणि रोधाची व्याख्या वेगळ्या परिच्छेदात यावी. त्याच व्होल्टमीटर-अमीटरवर एकदा नायक्रोमची तार व एकदा विजेरीचा तंतूचा दिवा लावून दोहोंचे आलेख एकाच कागदावर काढावेत. एक सरळ येईल, दुसरा वाकेल. वाकलेल्या आलेखावर दोन बिंदू घेऊन प्रत्येक ठिकाणचा रोध विद्यार्थ्याने स्वतः काढावा.